चमचा धरणारा हात

गेली नऊ वर्षे मी इमामतीचे कार्य करीत आहे. या काळात खोकल्याच्या औषधाविषयी लोकांनी मला जे प्रश्न विचारले, ते जवळजवळ एकाच स्वरूपाचे होते. सिरपमध्ये अल्कोहोल असते, मग ते घेणे जायज आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मला आता झोपेतही देता येईल. परंतु त्या बाटलीत आणखी काय आहे, ते कोणी तपासले आहे, ज्या लेकराच्या मुखात ते घातले जाते त्याला त्याची खरोखर गरज आहे काय, असे मला कोणीही कधी विचारले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही ते कोणाला विचारावेसे वाटले नव्हते. माझ्याच घरातील फडताळात अशा तीन अर्धवट बाटल्या होत्या आणि त्यांपैकी कोणती कोणासाठी आणली होती, हे मला किंवा माझ्या पत्नीला नीट आठवत नव्हते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ‘सिरप’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ अरबी ‘शराब’ या शब्दात आहे. अरबीत शराब म्हणजे केवळ पेय. मद्य हा अर्थ त्याला आपल्या बाजूला येता येता चिकटला. तेव्हा सिरपमध्ये शराब आहे काय, असे विचारणारा मनुष्य भाषेच्या दृष्टीने तरी एकच शब्द दोनदा उच्चारत असतो.

सन्माननीय वाचकहो, या विषयावर लिहिण्याचे कारण असे घडले. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया परिसरात, साध्या सर्दी-खोकल्याने आजारी पडलेली लहान मुले एकामागून एक दगावू लागली. त्यांची लघवी बंद होई, उलट्या होत आणि मूत्रपिंडे निकामी होत. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले, त्यामुळे आम्हा विदर्भातील लोकांना ही बातमी परक्या प्रांताची वाटली नाही. ऑक्टोबरच्या प्रारंभी तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या नमुन्याची तपासणी केली. हे औषध कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यात तयार झाले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. त्याची कमाल अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. मृत बालकांची संख्या वीसच्या पुढे गेली. त्यांतील बहुतेकांना हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळाले होते.

या बातम्या ताज्या असतानाच आमच्या मोहल्ल्यातील एक भगिनी माझ्या घरी आल्या. त्या आधी माझ्या पत्नीशी बोलल्या आणि मग पडद्याआडून मला म्हणाल्या, “मौलानासाहेब, अकरा वर्षांपूर्वी माझा दीड वर्षाचा मुलगा गेला. त्याला खोकला झाला होता. थोरल्या मुलीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप घरात उरलं होतं, तेच मी त्याला तीन दिवस दिलं. खोकला शांत झाला, तो झोपून राहायला लागला. मला वाटलं आराम पडतोय. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, फार उशीर केला. आता ह्या बातम्या वाचते आणि झोप लागत नाही. मी मारलं का त्याला?”

मी लगेच तकदीरविषयी बोलू लागलो. मृत्यूची वेळ ठरलेली असते, ती एका क्षणानेही मागे-पुढे होत नाही, असे काही बोललो. जनाजाच्या प्रसंगी बोलण्याची जी सवय आम्हाला लागलेली असते, तीच ही. त्यांनी मला पुरते बोलू दिले आणि मग म्हणाल्या, “तकदीर मला माहीत आहे, मौलानासाहेब. मी माझ्या हाताविषयी विचारते आहे.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या आठ दिवसांत मी प्रथम एका बालरोगतज्ज्ञांना भेटलो, कारण घटना काय घडली हे समजल्याशिवाय तिच्यावर हुकूम सांगणे हा आमच्या शास्त्रात दोष मानला जातो. त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. खोकला हा बहुधा स्वतंत्र रोग नसतो. श्वासनलिकेतील कफ आणि जंतू बाहेर फेकण्यासाठी शरीराने योजलेली ती युक्ती आहे. विषाणूंमुळे होणारी सर्दी आणि तिच्यासोबतचा खोकला औषध दिले तरी आणि न दिले तरी एक ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. खोकल्याच्या औषधांत अनेक प्रकार असतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीनसारखी द्रव्ये खोकल्याची ऊर्मी दाबतात. अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन यांसारखी द्रव्ये कफ पातळ करण्यासाठी असतात. क्लोरफेनिरामीनसारखी द्रव्ये नाक वाहणे थांबवतात आणि गुंगी आणतात. कित्येक बाटल्यांत ऊर्मी दाबणारे आणि कफ सुटावा म्हणून असलेले द्रव्य एकत्रच असते, म्हणजे एकाने दार उघडायचे आणि दुसऱ्याने ते ओढून धरायचे. सर्दी-खोकल्याच्या बालकांवर या औषधांचे प्रयोग झाले, तेव्हा निव्वळ गोड पाण्यासारख्या निरुपद्रवी द्रवाच्या तुलनेत त्यांचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही. दमा, डांग्या खोकला, न्यूमोनिया, क्षय यांचे उपचार वेगळे आहेत आणि ते खोकल्याच्या सिरपने होत नाहीत.

“मग तुम्ही ते लिहून का देता?” असे मी विचारले. ते हसले, पण प्रसन्नपणे नव्हे. म्हणाले, “रिकाम्या हाताने परत पाठवलं तर आई-वडील दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. कधी कधी केवळ उपचार म्हणून लिहावं लागतं.” मराठी विषय घेऊन बी.ए. केलेल्या मला ‘उपचार’ या शब्दाचे दोन अर्थ नव्याने शिकण्याची ही वेळ होती. एक रोग्यासाठी केला जातो, दुसरा लोकांसाठी.

याच कारणाने सरकारनेही काही मर्यादा घातल्या आहेत. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रीन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे देण्याची शिफारस नाही, असे पुन्हा कळवले. कोडीन शरीरात गेल्यावर त्याचा काही अंश मॉर्फिनमध्ये बदलतो. काही मुलांत हा बदल इतक्या वेगाने होतो की श्वास मंदावतो. आमच्या वस्त्यांत काही तरुण हेच कोडीनयुक्त सिरप बाटलीच्या बाटली रिचवतात, हे आपणही पाहिले असेल. तो विषय मोठा आहे. जे अधिक प्रमाणात नशा आणते त्याचे अल्प प्रमाणही नशेसाठी हराम, एवढे सांगून येथे मी तो सोडतो.

आता विषाकडे येतो. सिरपमध्ये औषध विरघळावे म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला त्यांच्यासारखेच रंगहीन, दाट आणि चवीला गोड असते. ते उद्योगधंद्यांत वापरायचे स्वस्त द्रव्य आहे. औषधात ते शिरले तर वास, रंग किंवा चव यांवरून आईला, दुकानदाराला किंवा डॉक्टरांना काहीही कळत नाही. ते केवळ प्रयोगशाळेत कळते. १९३७ मध्ये अमेरिकेत अशाच एका औषधाने शंभरांवर माणसे मरण पावली आणि पुढील वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. २०२० मध्ये जम्मूच्या रामनगर भागातील बालके, २०२२ मध्ये गाम्बियातील सुमारे ७० बालके, त्याच वर्षी इंडोनेशियातील दोनशेंहून अधिक आणि उझबेकिस्तानातील बालके अशाच सिरपांनी मरण पावली. गाम्बिया आणि उझबेकिस्तान येथे गेलेली औषधे भारतात बनली होती.

गाम्बियानंतर आपल्या सरकारने असा नियम केला की, १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे खोकल्याचे सिरप नेमलेल्या प्रयोगशाळेत तपासून प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पाठवता येणार नाही. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपला असे प्रमाणपत्र आवश्यक नव्हते. कारखानदाराने स्वतः तपासावे, हा जुना नियम तेवढा होता. स्वतःसाठी जे पसंत करतो तेच भावासाठी पसंत केल्याशिवाय श्रद्धा पूर्ण होत नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. येथे मात्र परक्याच्या लेकरासाठी जे आवश्यक ठरले, ते परासियाच्या लेकरासाठी आवश्यक ठरले नाही. या क्रमाला काय म्हणावे, मला सुचत नाही.

त्या भगिनींचा प्रश्न मात्र या सर्वांपेक्षा अवघड होता. त्यांच्या बाटलीत विष नव्हते. ते औषध डॉक्टरांनीच लिहिलेले होते. फक्त ते दुसऱ्या, बारा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले होते. शिवाय त्या बालकाचा मृत्यू औषधाने नव्हे, न्यूमोनियाने झाला. सिरपने केले ते एवढेच की घरातील सर्वांना तीन दिवस निश्चिंत ठेवले.

कर्मांचा आधार नियतीवर आहे, ही हदीस मदरशात पहिल्याच वर्षी मुखोद्गत होते. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा असा समज असतो की नियत शुद्ध असली की प्रश्न संपला. फिक्हचे पुस्तक हाती घेतले की हा समज टिकत नाही. शरीअतने पाप आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. सूरह निसामध्ये चुकून घडलेल्या हत्येचा उल्लेख आहे. तेथे मारण्याचा हेतू मुळीच नाही, तरीही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो झालेल्या हानीस जबाबदार आहे, अशी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. त्या वैद्याच्या हेतूची चौकशी तेथे नाही, त्याच्या ज्ञानाची आहे. ही हदीस मी ‘नीमहकीम’ लोकांविरुद्ध खुत्ब्यात अनेकदा सांगितली होती. घरातील फडताळ उघडून अंदाजाने चमचा भरणारे आई-बापही त्या क्षणी उपचारच करीत असतात, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

मग हा भार सर्वस्वी आईवर येतो काय? येथे फिक्हमधील मुबाशिर आणि मुतसब्बिब हा भेद उपयोगी पडतो. मुबाशिर म्हणजे ज्याच्या हातून कृत्य प्रत्यक्ष घडते तो. मुतसब्बिब म्हणजे जो त्याला कारण होतो तो. ज्याने सार्वजनिक रस्त्यात विहीर खोदली, तिच्यात कोणी पडून मेला तर खोदणारा जबाबदार. परंतु तिसऱ्याच माणसाने त्याला त्या विहिरीत ढकलले तर जबाबदार ढकलणारा. दोघे एकत्र आले की हुकूम सामान्यतः मुबाशिरकडे जातो. हा नियम वाचून मी क्षणभर थबकलो, कारण परासियाच्या प्रत्येक घरात चमचा आईच्या किंवा बापाच्याच हातात होता. परंतु त्याच नियमापुढे दुसरा नियम आहे : शरीअतने ज्याची मोकळीक दिली आहे ते मर्यादेत राहून करणाऱ्यावर भरपाई येत नाही. आणि ज्याची फसवणूक झाली त्याचा भार फसवणाऱ्याकडे सरकतो, याविषयी फकीहांनी दीर्घ चर्चा केली आहे. परासियाच्या माता डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाची पावती आणि बाटलीवरील छापील अक्षरे यांवर विसंबल्या. याहून अधिक काय करायचे होते त्यांनी? प्रयोगशाळा घरी आणायची होती?

पूर्वी हे काम मुहतसिबकडे असे. बाजारावर देखरेख करणाऱ्या या अधिकाऱ्यासाठी बाराव्या शतकात शैज़री यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात औषधविक्रेत्यांवर आणि सरबते बनवणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. या व्यवसायांत भेसळ सहज खपते आणि गिऱ्हाइकाला ती ओळखता येत नाही, म्हणून येथे देखरेख अधिक हवी, अशी त्यामागची समजूत आहे. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपल्याला परिचित आहे. मी तो नेहमी विक्रेत्याला दिलेल्या ताकिदीसाठी सांगत आलो. या खेपेस मला त्यातील हात दिसला. वरचे कोरडे धान्य पाहून ते पुढे गेले नाहीत. त्यांनी हात आत घातला.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक वृत्तान्त इब्ने सअद यांनी नोंदवला आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता आणि हजरत उमर रात्री पहारा देत होते. एक मूल सारखे रडत होते. त्यांनी आईला दोनदा समजावले, तिसऱ्यांदा रागावले. त्यांना न ओळखता ती म्हणाली की, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर केवळ दूध सुटलेल्या मुलांनाच वेतन देतात. त्या पहाटेच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर ते स्वतःलाच दूषण देऊ लागले की उमरने किती मुलांचा जीव घेतला असेल कोण जाणे, आणि जन्मापासूनच प्रत्येक मुलाला वेतन मिळेल अशी घोषणा करवली. येथे दूध तोडणारा हात आईचा होता. खलीफांनी तो हात आपला मानला. परासियानंतर कारखान्याचा मालक पकडला गेला, डॉक्टर पकडले गेले, काही अधिकारी निलंबित झाले. ते आवश्यकच होते. पण हा हात माझा होता, असे कोणी स्वतःहून म्हटल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

माझ्या उस्तादांकडे, जे मुफ्ती आहेत, मी त्या भगिनींचा प्रश्न नेला. त्यांनी मला उलट दोनच प्रश्न विचारले. मृत्यू औषधानेच झाला असे कोणा जाणकाराने सांगितले आहे काय? आणि या औषधाने हानी होऊ शकते हे तिला ठाऊक होते काय? दोन्हींचे उत्तर नाही असे होते. ते म्हणाले, मग तिच्यावर दियत नाही, कफ्फारा नाही आणि हत्येचे पापही नाही. पुढे ते जरा थांबून म्हणाले, “पण तिला असं सांगू नकोस की तिच्याकडून काही चूक झालीच नाही. तिला माहीत आहे की झाली. तू खोटं बोललास तर ती तुझ्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही.”

आठव्या दिवशी मी त्यांना तसेच सांगितले. चूक झाली, ती न कळल्यामुळे झाली. विसर आणि चूक यांबद्दल आमची पकड करू नकोस, अशी प्रार्थना स्वतः अल्लाहने सूरह बकराच्या शेवटी आपल्याला शिकवली आहे आणि ज्याला चुका पकडायच्याच असत्या त्याने ती शिकवली नसती. न्यूमोनियाची खूण कशी ओळखावी हे त्यांना त्या काळी कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी नाही, शाळेने नाही आणि ज्या मशिदीच्या भोंग्यावरून रोज पाच वेळा आवाज जातो त्या मशिदीनेही नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्या पत्नीने चहा आणला.

निघताना त्या म्हणाल्या की थोरल्या मुलीचे बाळ घरी आले आहे, दोन वर्षांचे, आणि त्याला कालपासून खोकला आहे. काय देऊ? मी कोणी हकीम नाही, पण त्या बालरोगतज्ज्ञांनी मला जे लिहून दिले होते ते खिशातच होते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा त्याची लघवी कमी झाली असेल, तर त्याच क्षणी दवाखाना. यातले काही नसेल तर कोमट पाणी, नेहमीचे खाणे-पिणे, आणि वय एक वर्षाहून अधिक असेल तर थोडा मध. ज्या मधात लोकांसाठी शिफा असल्याचे सूरह नहलमध्ये सांगितले आहे तोच मध एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते.

माझी पत्नी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेली. बाळ झोपले होते. त्याचे झबले वर करून दोघींनी घड्याळ समोर ठेवून श्वास मोजले. एकदा ३२ आले, एकदा ३४. त्या भगिनींनी पुन्हा मोजू या म्हटले म्हणून तिसऱ्यांदा मोजले. माझ्या फडताळातील तीन बाटल्या मी त्याच संध्याकाळी ओतून टाकल्या. त्यांपैकी एकीवर माझ्या धाकट्या मुलाचे नाव होते, तारीख दोन वर्षांपूर्वीची होती आणि तळाशी अजून चार-पाच चमचे औषध शिल्लक होते.